बुलेट कुठून गळतेय? पॅकिंग बदलण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी! समोर उभी आहे जुनी, कास्ट आयर्न इंजिनची बुलेट ३५०. खाली ऑइलचा डाग पडला की "बुलेट म्हटली की गळणारच" असं सांगून लोक मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. हे इंजिन कोरडं राहू शकतं. गळती नेमकी कुठून होतेय ते आधी शोधायचं, पॅकिंगला, म्हणजे दोन भागांच्या जोडात बसणाऱ्या पट्टीला, हात सगळ्यात शेवटी.

या गाडीत ऑइलचे तीन वेगळे कप्पे आहेत: इंजिन, डावीकडचं क्लच कव्हर आणि मागचा गिअरबॉक्स. रात्री गाडी सेंटर स्टँडवर लावा, खाली पुठ्ठा सरकवा आणि पुढचं चाक कुठल्या बाजूला आहे तो बाण पुठ्ठ्यावर काढा. सकाळी कळतं, थेंब कुठल्या कप्प्याखाली पडलाय.

आता इंजिन गार असताना रॉकेल आणि ब्रशने धुवा. फिन्समधला, म्हणजे इंजिनवरच्या पात्यांमधला, चिखलही काढा. कोरडं करा, जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि ८-१० किलोमीटर फिरवून आणा.

[क्लोज-अप: रॉकर कव्हरची (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाची) कड]

ही ओली रेघ दिसतेय? पावडर इथे भिजून तपकिरी झालीय, आणि ओघळ फिन्सवरून थेट चेंबरपर्यंत, म्हणजे इंजिनच्या खालच्या, क्रँक फिरतो त्या भागापर्यंत गेलाय. वारा ऑइल मागे ढकलतो आणि वजनाने ते खाली उतरतं. म्हणून सगळ्यात वरची आणि पुढची ओली जागा धरायची. चेंबरखालचा थेंब बघून चेंबर खोलाल, तर खर्च फुकट जाईल.

एकदम तीन-चार जोडांतून पाझरतंय? मग आधी ब्रीदर, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणारी वाट, बघा. पिस्टन खाली येतो तेव्हा चेंबरमधली हवा ब्रीदरमधून बाहेर पडायला हवी, आणि पिस्टन वर जाताना ती परत आत येता कामा नये. त्यासाठी हा रबर.

[क्लोज-अप: ब्रीदरचा रबर]

बदकाच्या चोचीसारखा आहे. जुना झाला की कडक होतो, चोच चिकटते. मग कोंडलेली हवा मिळेल त्या फटीतून ऑइल बाहेर ढकलते, पॅकिंग कितीही नवं असो. रबर धुऊन त्यात इंजिनाच्या बाजूने फुंका: हवा गेली पाहिजे. उलट फुंकली तर अडली पाहिजे. पाइप कुठे दबलाय का, तेही बघा. ब्रीदर ठीक असून दाब राहत असेल आणि सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात.

आता मोठा घोटाळा. गाडी महिनाभर उभी राहिली की इंजिनातल्याच ऑइल टाकीतलं ऑइल फीड पंपातून (ऑइल पुरवणाऱ्या पंपातून) झिरपत चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिक (टाकीतली लेव्हल बघायची पट्टी) कोरडी दिसते, म्हणून मालक अर्धा लिटर ओततो. गाडी सुरू झाली की रिटर्न पंप खालचं ऑइल टाकीत परत आणतो. तिथे आता जागाच नसते, आणि जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून बाहेर येतं. ही गळती नव्हेच. लेव्हल नेहमी गाडी चालवून, बंद केल्यावर दोन-तीन मिनिटांत बघा.

क्लच कव्हरमधलं ऑइल आपोआप वाढतंय? क्रँकचं ऑइल सील गेलंय, इंजिनचं ऑइल तिकडे जातंय. क्लच कव्हरमधलं ऑइल कमी होतंय आणि कव्हरची कड ओली आहे? मग रबर रिंग बदला. हे कव्हर मधल्या एकाच नटावर बसतं. जोर लावून आवळलंत तर कव्हर वाकतं आणि गळती वाढते. मागच्या चेनच्या पुढच्या चक्राभोवती ऑइल असेल तर गिअरबॉक्सचं सील बघा.

आणि पॅकिंग बसवताना सीलंट (फटी बुजवायची पेस्ट) थापू नका. टायमिंग कव्हरमधूनच, म्हणजे इंजिनच्या उजवीकडच्या झाकणातूनच, क्रँकला ऑइल जातं. आत सुटलेला सीलंटचा तुकडा ती वाट बुजवू शकतो. जोडाची दोन्ही तोंडं स्वच्छ करा, काचेवर घासून सपाट आहेत का ते बघा, नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. गाडी एकदा पूर्ण गरम होऊन गार झाली की तेच नट पुन्हा तपासा.