आवाज डेंग्याचा नाही, बुडबुड्याचा

पंपाच्या कारखान्यात काम केलेलं कुणी आहे का इथे? दिसले, चार-पाच हात दिसले. पुणंच आहे हे, असणारच. तुम्हाला माहीत असेल, सक्शनची, म्हणजे पाणी ओढणारी बाजू चोंदली की पंपात खडे फिरल्यासारखा आवाज येतो. उघडून पाहावं तर खडा एकही नाही, इंपेलरवर, म्हणजे आतल्या फिरत्या चाकावर मात्र देवीच्या व्रणांसारखे खड्डे. ते बुडबुड्यांचं काम. दाब एकदम घसरला की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात, दाब पुन्हा चढला की ते मिटतात, आणि मिटताना असा तडाखा देतात की धातू झिजतो.

हेच तंत्र समुद्रातल्या बोटाएवढ्या एका कोळंबीकडे आहे. अल्फियस तिचं नाव. तिचा एक डेंगा, म्हणजे नांगी, साधा, दुसरा मात्र जवळजवळ निम्म्या अंगाएवढा. त्याच्या हलत्या बोटावर एक खुंटी आहे आणि समोर तिच्या मापाची खाच. डेंगा मिटताना खुंटी खाचेत घुसते, आतलं पाणी पिचकारीसारखं बाहेर पडतं, सेकंदाला सुमारे २५ मीटर वेगाने. त्या झोतात दाब घसरतो, बुडबुडा फुगतो आणि मिटतो. समोरचं भक्ष्य तिथल्या तिथे गार!

हे होताना टिचकीसारखा मोठा आवाज येतो. तो डेंग्याची दोन बोटं एकमेकांवर आपटल्याचा, असंच पूर्वी मानत. मग २००० साली मिशेल व्हर्स्लुइस, बार्बरा श्मिट्झ, डेटलेफ लोझे वगैरे संशोधक मंडळींनी सेकंदाला ४० हजारांवर चित्रं टिपणारा कॅमेरा आणि हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, एकत्र जोडले. चित्रात डेंगा मिटला, तरी हायड्रोफोनवर तडाखा नाही. तो उमटला बुडबुडा मिटला त्या क्षणी. मला हा प्रयोग फार आवडतो. डोळा आणि कान शेजारी बसवले, एवढंच त्यांनी केलं.

२०१७ मध्ये पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची गुलाबी डेंग्याची एक जात सिनाल्फियस पिंकफ्लॉयडी या नावाने जाहीर झाली, आणि ही कोळंबी जगभरच्या मोबाइलवर पोचली. मला त्याचा आनंदच झाला. पण सोबत एक वाक्य फिरत राहिलं, 'बंदुकीपेक्षा मोठा आवाज', आणि ते मला खटकतं. पाण्यातले डेसिबल १ मायक्रोपास्कल एवढ्या दाबापासून मोजतात, हवेतले २० मायक्रोपास्कलपासून. शिवाय पाणी आणि हवा ही दोन माध्यमंच वेगळी. ते आकडे शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे शेर आणि किलो एकाच खान्यात मांडणं. कृपया ते वाक्य पुढे पाठवू नका. त्याऐवजी खुंटी आणि खाच दाखवा. पोरं डोळे विस्फारून बघतात, मी पाहिलंय.

याहून लहान जीवही आहे. डुलिकिएल्ला नावाचा अ‍ॅम्फिपॉड, म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातला चिमुकला कवचधारी, काही मिलिमीटरचा. जीवशास्त्रज्ञ शीला पाटेक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं की त्याच्या नराचा मोठा डेंगा सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी वेळात मिटतो. आणि हे तो पुन्हा पुन्हा करतो.

अल्फियसचा मोठा डेंगा तुटला तर? उरलेला साधा डेंगा वाढत वाढत टिचकीचा होतो आणि तुटल्या जागी नवा साधा डेंगा फुटतो. डावखुरी कोळंबी उजवी होते!

आता दिवे जरा मंद करा. या कोळंब्यांचं पाण्याखालचं ध्वनिमुद्रण लावतो. तेलात मोहरी तडतडतेय असं वाटेल. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा कानोसा घेणाऱ्यांना याच तडतडीने हैराण केलं होतं. मागच्या रांगेपर्यंत ऐकू येतंय ना?