सुट्टीवरून परतलेला जवान

(दादर येथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. वक्ते लष्करातून निवृत्त झालेले डॉक्टर आहेत.)

मघाशी हॉलचे पंखे बंद पडले तेव्हा पाच मिनिटांत सगळ्यांनी निमंत्रणपत्रिकांनी वारा घ्यायला सुरुवात केली. मुंबईकराला घाम बरोबर कळतो. शर्ट पाठीला चिकटला की तो पाणी शोधतो. जैसलमेरला हीच सवय तुम्हाला फसवते. हवा इतकी कोरडी, की घाम आला म्हणेपर्यंत उडून जातो. कपाळ कोरडं, मान कोरडी. संध्याकाळी वर्दी उतरवली की पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे. कष्टाच्या कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि जवान म्हणतो, 'सर, मला घाम येतच नाही.'

थरच्या वाळवंटातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं. हा आकडा सावलीतल्या हवेचा, बरं का. उन्हात उभ्या रणगाड्याच्या पत्र्याला तो लागू नाही. त्याला उघडा हात लावू नये, हे नव्या पोराला एकदाच शिकावं लागतं. पण नुसत्या आकड्यालाही भुलू नका. १६ एप्रिल २०२३ ला आपल्या खारघरला पारा ३८ च्या आसपास होता, तरी भर उन्हातल्या पुरस्कार सोहळ्यात माणसं दगावली. इथे घाम वाळत नाही, तिथे तो दिसत नाही.

लोक विचारतात, उष्माघात मे महिन्यातच जास्त ना? मी महिना बघायच्या आधी जवान सुट्टीवरून कधी परतला ते विचारायचो. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. ही सगळी कमाई महिनाभर गारव्यात राहिलं की बहुतेक संपते.

आमच्याकडे साताऱ्याकडचा एक पोरगा होता. बहिणीचं लग्न उरकून जूनच्या सुरुवातीला परतला. दोन रात्री रेल्वेत, त्यातली एक दरवाजाशी बसून. तिसऱ्या दिवशी पहाटे धावण्याची चाचणी. सुट्टीवरून आलेल्यांना तिच्यातून वगळायचं असा नियम होता, पण यादीत त्याचं नाव घालायचं राहून गेलं. तोही बोलला नाही. विचारलं असतं तरी म्हणाला असता, 'हुतंय की सर.'

चौथ्या किलोमीटरला तो रांग सोडून भलतीकडेच धावायला लागला. सोबत्यांना वाटलं, थट्टा करतोय. धरून आणला तेव्हा तो मला 'आई' म्हणून हाक मारत होता. अंग घामाने ओलंच होतं. उष्माघातात अंग कोरडं पडतं असं पाठ केलं असेल, तर विसरा. धावताना झालेल्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. उन्हात माणूस असंबद्ध बोलू लागला, की वेळ दवडायची नाही. ताप ४१.८ अंश सेल्सिअस होता.

इस्पितळ ऐंशी किलोमीटरवर. ड्रायव्हर गाडी चालू करून उभा. मी तरुण, मलाही वाटलं आधी पोचवावं. आमच्या नर्सिंग असिस्टंट हवालदारांनी ऐकलं नाही. पोराला ताडपत्रीत झोपवलं, चार कोपरे चौघांना धरायला लावले, टँकरचं पाणी आणि लंगरमधला, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरातला, होता नव्हता तो बर्फ ओतला, आणि झोळी गदागदा हलवत राहिले. वीसेक मिनिटांत ताप ३९ च्या खाली आला. मग गाडी. आधी गार करायचं, मग न्यायचं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या हवालदारांनी वाचलं नसावं.

पोरगा वाचला. मूत्रपिंडं सावरायला तीन आठवडे लागले. त्याची मेडिकल कॅटेगरी, म्हणजे लष्करातली तब्येतीची श्रेणी, खाली आली म्हणून तो वर्षभर माझ्यावर रागावून होता.

बाकीचं थोडक्यात सांगतो. नुसतं पाणी ढोसत राहिलं तरी रक्तातलं सोडियम उतरतं आणि तोही माणूस बरळतो, म्हणून जेवण आणि मीठ चुकवायचं नाही. जीपला लटकवलेल्या कॅनव्हासच्या छागलीतलं पाणी वाऱ्याने गार राहायचं. ती चव फ्रीजला नाही. डिसेंबरच्या रात्री पारा शून्याजवळ येतो, ते इथे कुणाला खरं वाटत नाही. आणि बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत. आपल्या कोकणातलं फुरसं तिथेही आहे.

त्या प्रकारानंतर मी एमआय रूमच्या, म्हणजे आमच्या तुकडीच्या दवाखान्याच्या, दारावर सुट्टीवरून आलेल्यांची नावं खडूने लिहायला लागलो. चौदाव्या दिवशी नाव पुसायचं. सुभेदार साहेब रोज पहाटे आधी दार बघत, मग हजेरी घेत. एकदा मी दापोलीला महिनाभर राहून परतलो. दुसऱ्या दिवशी बघतो, तर यादीत सगळ्यात वर माझंच नाव. अक्षर हवालदारांचं होतं. मी बूट काढले आणि चहा मागवला.