हिरव्या पाहुण्याची शाई

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या कॉमिक्समधले परग्रहवासी : ते पृथ्वीवर कशासाठी येतात?’ त्याचं उत्तर मी देणार आहे. पण ते कशासाठी येतात याच्या आधी ते कोणत्या रंगाचे येतात हे बघायला हवं, कारण माझ्या मते अर्धं उत्तर तिथेच आहे. पाहुण्याचं रूप चित्रकार ठरवायचा, गोष्ट लेखक ठरवायचा आणि त्याची कातडी ठरवायचा छापखाना. या तिसऱ्या माणसाबद्दल आपण फारसं बोलत नाही.

सुरुवात घरातूनच करू. तुमच्यातले निम्मे लोक इंद्रजालवर वाढलेले आहेत. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने ही मालिका काढली, पुढे ती मराठीतही आली आणि आपला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला ‘फँटम’, घराघरात गेला. वेताळ काही परग्रहावरचा नाही, पण माझ्या मुद्द्याचा पहिला साक्षीदार तोच. त्याचा जनक ली फॉक. त्याच्या मनात वेताळाचा पोशाख करडा होता. १९३६ साली वर्तमानपत्रात त्याची चित्रपट्टी सुरू झाली तेव्हा ती काळी-पांढरी होती, त्यामुळे प्रश्नच आला नाही. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली आणि पोशाख जांभळा छापून आला. तो जांभळाच राहिला. तोच वेताळ स्वीडनमध्ये निळा झाला, इटलीत आणि ब्राझीलमध्ये लाल झाला. गोष्टी त्याच, चित्रं तीच, आणि माणूस चार रंगांचा.

आता हे का होतं ते नीट समजून घेऊ. अमेरिकेतलं दहा सेंटांचं कॉमिक चार शायांत छापलं जायचं : पिवळी, लाल, निळी, काळी. काळ्या शाईत रेषा आणि अक्षरं. उरलेल्या तीन शाया प्रत्येकी चार प्रकारे वापरता यायच्या : अजिबात नाही, पंचवीस टक्के, पन्नास टक्के, किंवा भरगच्च शंभर टक्के. पंचवीस आणि पन्नास म्हणजे बारीक आणि जाड ठिपके. चार गुणिले चार गुणिले चार, झाले चौसष्ट रंग. सगळी विश्वं, सगळे ग्रह, सगळे राक्षस या चौसष्ट घरांत बसवायचे.

रंग ठरवणारा कलाकार पानाच्या लहान केलेल्या छायाप्रतीवर जलरंगांनी रंग भरायचा आणि प्रत्येक जागेवर सांकेतिक खूण लिहायचा. पिवळ्याला वाय, लालला आर, निळ्याला बी. पुढे दोनचा आकडा असेल तर पंचवीस टक्के, तीनचा असेल तर पन्नास, आकडा नसेल तर भरगच्च. गोऱ्या माणसाची कातडी म्हणजे वाय-टू आर-टू. सुपरमॅन १९३८ मध्ये आला, तो क्रिप्टॉनचा, म्हणजे शंभर टक्के परग्रहवासी. पण त्याची कातडी वाय-टू आर-टू, म्हणून तो आपल्याला कधी पाहुणा वाटलाच नाही.

मग ही पानं जायची रंग वेगळे करणाऱ्या कारखान्यात. अनेक प्रकाशकांचं हे काम कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्ट गावात व्हायचं आणि ते प्रामुख्याने बायका करायच्या. प्रत्येक पानासाठी ॲसिटेटचे, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचे, नऊ ताव : तीन शाया, प्रत्येकीच्या तीन छटा. ज्या जागेत पंचवीस टक्के पिवळं हवं ती जागा एका ॲसिटेटवर अपारदर्शक रंगाने ब्रशने भरायची, मग पन्नास टक्क्यांचं दुसरं ॲसिटेट, असं नऊ वेळा. त्यांचे ठिपक्यांच्या स्क्रीनमधून फोटो काढायचे, एकेका शाईची निगेटिव्ह जोडायची, जस्ताची प्लेट कोरायची, तिचा कागदी लगद्याचा साचा करायचा आणि त्यावरून ओतलेली शिशाची वाकडी प्लेट रोटरी छापयंत्रावर चढायची. इतके हात लागलेत त्या मंगळवासीयाच्या गालाला.

यात काय चुकतं तेही ऐका, कारण चुकांमुळेच रंग निवडले गेले. एखादं ॲसिटेट भरताना एक हात सुटला की हिरव्या पाहुण्याचा तो हात पिवळाधम्मक छापला जातो. प्लेट जरा सरकली, आपल्याकडचे छपाईवाले म्हणतात तसं रजिस्ट्रेशन हललं, की अंगाच्या एका बाजूला पिवळी कड आणि दुसऱ्या बाजूला निळी. आणि सगळ्यात अवघड रंग म्हणजे करडा. करडा करायला तिन्ही शायांचे बारीक ठिपके सारख्या प्रमाणात लागतात. न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा स्वस्त कागद, शाई पितो, ठिपके फुगतात. लाल थोडी जास्त लागली की करडा गुलाबी होतो, पिवळी-निळी जास्त लागली की हिरवट. मार्व्हल कंपनीच्या हल्क या राक्षसी ताकदीच्या नायकाचा पहिला अंक, मे १९६२, काढून बघा. त्यात तो करडा आहे, आणि त्याच अंकात एका पानावर गडद, दुसऱ्यावर फिकट, कुठे हिरवट. दुसऱ्या अंकापासून त्याला सरळ हिरवा केला. वेताळ आणि हल्क, दोघांचाही करडा रंग गेला.

याउलट हिरवा किती सोपा! पिवळी भरगच्च, तिच्यावर निळी भरगच्च. ठिपक्यांची भानगड नाही. शाई कमी-जास्त झाली तरी हिरवा हिरवाच राहतो. आणि मोठा फायदा म्हणजे त्यात लाल शाईचा थेंब नाही, त्यामुळे गोऱ्या कातडीशेजारी तो लांबूनही वेगळा दिसतो. नोव्हेंबर १९५५ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ २२५ मध्ये मार्शन मॅनहंटर आला. डॉक्टर अर्डेलच्या यंत्राने त्याला चुकून मंगळावरून ओढून आणलं आणि तो धक्का बसून अर्डेलच गेले. आता परत कसं जायचं? मग हा बिचारा जॉन जोन्स नावाचा गुप्त पोलीस होऊन राहतो. माणसाचं रूप घेताना तो वाय-टू आर-टू होतो, खरं रूप दाखवताना पुन्हा हिरवा. रूपांतराचं निम्मं काम ब्रिजपोर्टच्या बायका करत होत्या.

कुणी म्हणेल, हिरवे मंगळवासी १९१२ पासून कादंबऱ्यांत होते. होते, मान्य. कॉमिक्सने हिरवा रंग शोधला असं माझं म्हणणं नाही. तीस-चाळीस वर्षं तो टिकवून धरला शाईने, एवढंच. दुसरा आक्षेप जास्त जड आहे : इंग्लंडचं ‘ईगल’ हे कॉमिक साप्ताहिक. एप्रिल १९५० मध्ये सुरू झालं, ग्राव्ह्युअर पद्धतीने, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून, चांगल्या कागदावर, फ्रँक हॅम्पसनने रंगवलेल्या मूळ पानांवरून छापलेलं. तिथे चौसष्ट घरांची सक्ती नव्हती. तरी शुक्रावरचे ट्रीन हिरवेच, त्यांचा पुढारी मेकॉन हिरवाच. हा आक्षेप मी खोडून काढत नाही. हॅम्पसनला मोकळीक होती आणि त्याने हिरवा निवडला. पण त्याचा हिरवा बघा, सावल्यांसकट, गालाच्या हाडासकट. तो निवडलेला हिरवा आहे आणि अमेरिकेतला सपाट हिरवा नाइलाजाचा आहे. दोन्ही शेजारी ठेवले की फरक कळतो.

नाइलाजातून किती मोठं काम होऊ शकतं याचं एक उदाहरण द्यायचंय, आणि त्याला वेळ लागणार आहे.

ईसी कॉमिक्स, न्यूयॉर्क. मालक बिल गेन्स, संपादक-लेखक अल फेल्डस्टीन. ‘वीअर्ड फँटसी’चा अठरावा अंक, मार्च-एप्रिल १९५३, गोष्ट ‘जजमेंट डे’, चित्रं जो ऑरलँडोची. सिब्रिनिया नावाच्या ग्रहावर फक्त यंत्रमानव राहतात. तिथे पृथ्वीवरून एक तपासनीस येतो, टार्ल्टन. म्हणजे इथे पाहुणे आपण आहोत. तो अंतराळवीराच्या पोशाखात, डोक्यावर बंद शिरस्त्राण. आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात या ग्रहाला घ्यायचं की नाही हे त्याने ठरवायचंय. नारंगी यंत्रमानव त्याला अभिमानाने सगळं दाखवतात. टार्ल्टन विचारतो, निळे कुठे आहेत? निळ्यांची वस्ती वेगळी. निळ्यांनी बसमध्ये मागे बसायचं. निळ्यांचा कारखाना वेगळा. तो कारखान्यात जाऊन बघतो : आतले भाग तेच, तारा त्याच, फक्त वरचं आवरण वेगळं.

आता हे पान छपाईवाल्याच्या नजरेने बघा. नारंगीला पिवळी आणि लाल शाई लागते, निळ्याला निळी. काळ्या शाईतली रेषा दोघांची एकच. म्हणजे टार्ल्टन जे सांगतो, की दोघांत आवरणाशिवाय काहीच फरक नाही, ते कागदावर शब्दशः खरं आहे. दोन्ही यंत्रमानव एकाच काळ्या प्लेटमधून आलेत. गोष्टीचा मुद्दा आणि छपाईची रीत इतकी एकजीव झालेली दुसरी गोष्ट मला माहीत नाही. ईसीच्या रंगांची जबाबदारी मेरी सेव्हरिन यांच्याकडे होती. त्यांचं नाव मोठ्याने घेतलं पाहिजे.

टार्ल्टन नकार देतो, यानात परत जातो, शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण काढतो. तो कृष्णवर्णीय आहे आणि त्याच्या कपाळावर घामाचे थेंब ताऱ्यांसारखे चमकतायत.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. १९५४ च्या उन्हाळ्याआधी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे कॉमिक्सची सुनावणी झाली, गेन्सने २१ एप्रिलला साक्ष दिली, आणि वर्ष संपायच्या आत प्रकाशकांनी स्वतःवर कॉमिक्स कोड, म्हणजे काय छापायचं नाही याची नियमावली, लादून घेतला. ‘इन्क्रेडिबल सायन्स फिक्शन’च्या तेहतिसाव्या अंकातली एक गोष्ट कोडवाल्यांनी नाकारली. जागा भरायला गेन्स-फेल्डस्टीनने ‘जजमेंट डे’ पुन्हा पाठवली. कोडचे प्रशासक न्यायाधीश चार्ल्स मर्फी म्हणाले, हा माणूस काळा चालणार नाही. तो काळा आहे हाच गोष्टीचा अर्थ होता! वाद झाला, मग म्हणे निदान घाम तरी काढा. गेन्सने पत्रकार परिषद घेऊन हे सगळं जाहीर करण्याची धमकी दिली आणि गोष्ट घामासकट छापली. जानेवारी-फेब्रुवारी १९५६. ईसीचं ते शेवटचं कॉमिक बुक. पुढे मासिकाच्या रूपात ‘मॅड’ राहिलं.

म्हणूनच आजच्या पुनर्मुद्रणांबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी सभ्य शब्दांत पण पूर्ण मांडणार. मूळ खुणा वाचून संगणकावर रंग भरतात आणि गुळगुळीत पांढऱ्याशुभ्र आर्ट पेपरवर छापतात. शंभर टक्के पिवळा न्यूजप्रिंटवर मवाळ होतो, कारण कागद मुळातच मळकट आणि शाई पिणारा. तोच शंभर टक्के आर्ट पेपरवर डोळ्यांत जातो. दुसरा प्रकार म्हणजे यंत्रमानवाच्या सपाट नारंगी अंगावर चकाकी आणि सावल्या चढवतात. मग प्रत्येकजण वेगळा दिसायला लागतो आणि ‘आवरणाशिवाय फरक नाही’ हे वाक्य चित्रात खोटं पडतं. तिसरा प्रकार स्कॅनचा. जुना कागद पिवळा पडलेला असतो, तो एका बटणात पांढरा करतात, त्याबरोबर पंचवीस टक्के पिवळाही धुऊन जातो आणि चेहरे डुकराच्या पिलासारखे गुलाबी होतात. उलटही फसगत होते : पिवळ्या पडलेल्या कागदावर फिकट निळा पाहुणा हिरवट दिसतो, आणि लोक त्याला हिरव्यांत मोजतात. उपाय अवघड नाही. शाईचे टक्के खाली आणा, बिनलेपाचा क्रीम कागद घ्या, ठिपके ठिपक्यांसारखे राहू द्या.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. तर ते कशासाठी येतात.

पटपट सांगतो. हेतू ठरवला पानांच्या संख्येने आणि मुखपृष्ठाने. ईसीच्या अंकात साधारण चार गोष्टी, एकेक सहा ते आठ पानांची. एवढ्यात यायचं, ओळख करून द्यायची आणि शेवटच्या चौकटीत उलटायचं. त्यातही मजकूर आधी लेटरिंगच्या साच्याने बोर्डावर लिहिला जायचा आणि उरलेल्या जागेत चित्रकाराने चित्र काढायचं. म्हणून ईसीचा पाहुणा परीक्षा घ्यायला किंवा गैरसमज व्हायला येतो, तेवढंच त्या जागेत मावतं. सुपरमॅन काढणाऱ्या डीसी कंपनीत संपादक ज्युलियस श्वार्ट्झ आधी मुखपृष्ठ काढून घ्यायचा आणि लेखकाला सांगायचा, आता याचं स्पष्टीकरण लिही. तिथला पाहुणा कोडं घेऊन येतो.

मार्व्हलमध्ये चित्रकार जॅक कर्बीचे पाहुणे जिंकायला येतात आणि शेवटच्या पानावर युक्तीने हरतात. नोव्हेंबर १९६० चा ग्रूट आठवा. अख्खं गाव उचलून न्यायला आलेला लाकडी सम्राट, त्याला वाळवीने खाल्लं. वाळवीची ताकद कोकणातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. आणि जानेवारी १९६२ च्या ‘फँटास्टिक फोर’ क्रमांक दोनमधले स्क्रल, हिरवेच. त्या चौघा नायकांचा म्होरक्या रीड रिचर्ड्स स्क्रलांच्या सरदाराला पृथ्वीवरच्या राक्षसांचे फोटो म्हणून चक्क कॉमिक्समधली कात्रणं दाखवतो, त्याच प्रकाशकाच्या मासिकांतली. सरदार घाबरून ताफा घेऊन पळतो. मागे राहिलेल्यांना गायी करून कुरणात सोडतात. आपल्याच शाईने घाबरलेला पाहुणा!

दाराजवळच्या टेबलावर पन्नासच्या दशकातली दोन सुटी पानं आणि एक दहापट भिंग ठेवलंय. पान खालून तळहातावर घ्या, कोपऱ्यात चिमटीत धरू नका, कागद आम्लाने ठिसूळ झालाय. बोटाला थुंकी लावू नका. आधी माणसाच्या गालावर भिंग धरा, लाल आणि पिवळे ठिपके सुटे दिसतील. मग पाहुण्याच्या गालावर धरा. तिथे ठिपके सापडणार नाहीत. कडेला, रेषेच्या बाहेर, जरा सरकलेली पिवळी पट्टी दिसते का तेवढं बघा.