एपीटीटी वाढलं म्हणजे रक्त पातळ झालं?

नमस्कार श्रोतेहो.

कॅन्सरवर उपचार सुरू असलेल्या घरात रिपोर्टांची फाइल बघता बघता फुगते. त्यातल्या एका रिपोर्टाबद्दल आज बोलणार आहे. तो वाचून घरची माणसं नेमका उलटा अर्थ लावतात आणि ते जिवावर बेतू शकतं.

हा रिपोर्ट अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडींचा. अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंडं. जंतूंशी लढायला शरीर ती तयार करतं, पण कधी कधी ती आपल्याच रक्तातल्या प्रथिनांवर उलटतात. मग शिरेत किंवा धमनीत गुठळी होण्याचा धोका वाढतो. त्यांच्या तपासण्या तीन: ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-टू ग्लायकोप्रोटीन.

यातलं ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट रक्तात असलं, की प्रयोगशाळेतल्या नळीत रक्त गोठायला वेळ लागतो. एपीटीटी, म्हणजे नळीत रक्त गोठायला किती सेकंद लागले त्याचा आकडा, वाढतो आणि रिपोर्टावर ठळक अक्षरांत छापून येतो. घरचे म्हणतात, ‘‘रक्त तर आधीच पातळ झालंय, मग आणखी पातळ करायची गोळी कशाला?’’ आणि गोळी बंद होते. शरीरात मात्र याच्या अगदी उलट चाललेलं असतं. नळीत उशिरा गोठणारं हेच रक्त शिरेत गुठळी धरायला टपलेलं असतं. कृपा करून तो आकडा बघून स्वतःच्या मनाने गोळी थांबवू नका.

कॅन्सर आणि गुठळ्या यांचं नातं जुनं आहे. पॅरिसच्या त्रूसो या डॉक्टरांनी ते 1865 साली व्याख्यानात मांडलं. पुढे स्वतःच्याच शिरेत गुठळी झालेली पाहून त्यांनी आपला आजार ओळखला आणि 1867 मध्ये ते पोटाच्या कॅन्सरनेच गेले. स्वादुपिंड, जठर, मेंदू, फुप्फुस, अंडाशय या कॅन्सरांत हा धोका अधिक. त्यात ऑपरेशन, काही केमो, छातीत बसवलेली नळी आणि अंथरुणाला खिळणं यांची भर पडते.

कॅन्सरच्या रुग्णांत ही प्रतिपिंडं इतरांपेक्षा जास्त वेळा सापडतात, पण ती सापडलेल्या प्रत्येकाला गुठळी होतेच असं नाही. साध्या संसर्गातही ती काही काळ दिसतात आणि जातात. म्हणून कमीत कमी 12 आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. तपासणीसाठी रक्त द्यायला जाल तेव्हा हेपॅरिनचं इंजेक्शन किंवा रक्त पातळ करणारी कोणतीही गोळी चालू असेल, तर ते लॅबमध्ये आवर्जून सांगा. या औषधांनी ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटची तपासणी फसते.

गुठळी होऊन गेली आहे आणि तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह आहेत, अशा रुग्णाला रिव्हरॉक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांपेक्षा जुनी वॉरफरीनच सहसा बरी. तिच्यासाठी आयएनआर, म्हणजे गोळीने रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा, तपासत राहावं लागतं. पालेभाजीने या गोळीचा परिणाम बदलतो, तरी तांबडी भाजी सोडायची गरज नाही. एक दिवस ताटभर आणि मग आठवडाभर नाही, असं मात्र करू नका.

आपल्यातले कितीतरी जण उपचारांसाठी थिवीहून किंवा मडगावहून गाडी धरून मुंबईला जातात. रात्रभर एका जागी पाय लोंबकळत ठेवून बसू नका. पाणी प्या, अधूनमधून डब्यात फेरी मारा, निदान घोटे तरी हलवा.

आणि एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, कातडी गरम लागली, तर तेल लावून चोळायला बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात पोचलात, की कॅन्सर आहे आणि ही प्रतिपिंडं सापडली आहेत, हे पहिल्याच वाक्यात सांगा. ती फाइल बरोबर असू द्या.