नेब्रास्कातले खापरपणजोबा : जमिनीचे कागद आणि थडग्यांचे दगड

मंडळी,

आज ज्या माणसांचा माग काढायचा आहे, ती आपली कुणीच लागत नाहीत असं पूर्वी सहज म्हणता आलं असतं. आता तसं म्हणवत नाही. आपल्यातल्या अनेकांची नातवंडं अमेरिकेत वाढताहेत आणि त्यांतल्या काहींची आई किंवा वडील तिकडच्याच घरातले आहेत. अशा नातवंडाच्या एका बाजूचा कुलवृत्तांत आपल्याकडे छापील असतो. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, सात-आठ पिढ्यांची नावं, सगळं त्यात सापडतं. दुसऱ्या बाजूला मात्र बहुतेक वेळा एकच वाक्य असतं : ‘आईचे खापरपणजोबा नेब्रास्कात जमीन मिळाली म्हणून गेले.’ त्या वाक्याच्या मागे जाता येतं, आणि जायला हवं. त्या मुलाच्या अर्ध्या घराण्याचा तो प्रश्न आहे.

त्यासाठी दोन पुरावे हाताशी असतात : जमिनीचे कागद आणि दफनभूमीतल्या नोंदी. जमिनीच्या कागदात माणूस सरकारपुढे शपथेवर बोलतो. थडग्याच्या दगडावर त्याच्याबद्दल मागे राहिलेले बोलतात. दोघांची गरज वेगळी, म्हणून दोघांचं सांगणंही वेगळं. एकट्या कागदावर किंवा एकट्या दगडावर विसंबून लिहिलेली वंशावळ मला अपुरी वाटते.

आधी कायदा थोडक्यात सांगतो. २० मे १८६२ रोजी लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो अमलात आला. एकवीस वर्षांचा कुणीही, किंवा वय कमी असलं तरी कुटुंबप्रमुख असलेला कुणीही, १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मागू शकत होता. तो नागरिक असावा किंवा नागरिक होण्याचा इरादा त्याने जाहीर केलेला असावा. अविवाहित स्त्री आणि विधवाही अर्ज करू शकत होत्या. पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची आणि साक्षीदार आणून हे सिद्ध करायचं. मग मालकीचा कागद, म्हणजे पेटंट, मिळे. सगळी फी मिळून १८ डॉलर.

आता एक खरी फाइल उघडू. अर्ज क्रमांक १, ब्राउनव्हिल लँड ऑफिस, नेब्रास्का. अर्जदार डॅनियल फ्रीमन, जन्म ओहायोतला, १८२६ सालचा. कायदा लागू झाला त्याच दिवशी त्याने अर्ज भरला. सैन्यात परत जायचं होतं म्हणून मध्यरात्र उलटताच त्याने कचेरी उघडायला लावली, अशी कहाणी सांगतात. त्या एका दिवसात ४१८ अर्ज दाखल झाले.

पाच वर्षांनी, २० जानेवारी १८६८ रोजी, जोसेफ ग्राफ आणि सॅम्युएल किलपॅट्रिक या दोघांनी त्याच्यासाठी शपथेवर साक्ष दिली. फ्रीमनला आम्ही पाच वर्षांहून जास्त काळ ओळखतो, तो कुटुंबप्रमुख आहे, घरात बायको आणि दोन मुलं आहेत, असं ते सांगतात. घर काही भाग ओंडक्यांचं आणि काही भाग लाकडी चौकटीचं, १४ बाय २० फूट, एकमजली, दोन दारं, दोन खिडक्या, फळ्यांची जमीन. सुमारे ३५ एकर नांगरून, कुंपण घालून लागवडीखाली आणलेले. एक तबेला, मेंढ्यांसाठी शंभर फूट लांबीची पडवी, मक्याची कणगी, सफरचंदाची ४० झाडं आणि पीचची जवळजवळ ४००. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका शेतकऱ्याचं खळं-अंगण इतकं नेमकं दुसऱ्या कुठल्या कागदात दिसेल? शिरगणतीत तर नाहीच.

पण याच साक्षीत लिहिलं आहे की फ्रीमनने त्या जमिनीवर वस्ती केली ती १ जानेवारी १८६३ रोजी. त्याच दिवशी तो ब्राउनव्हिलच्या कचेरीत अर्ज भरत होता, आणि ब्राउनव्हिलपासून ती जमीन सरळ रेषेत साठएक मैल. ऐन थंडीत घोड्यावरून एका दिवसात दोन्ही ठिकाणी असणं शक्य दिसत नाही. साक्षीदार खोटारडे होते असं मी म्हणणार नाही. पाच वर्षं जिथून मोजायची ती तारीख कागदाला हवी होती आणि ती त्यांनी दिली. माणूस प्रत्यक्षात कधी राहायला आला, हा प्रश्न मोकळाच राहतो. जमिनीच्या कागदातली प्रत्येक तारीख वाचताना ती कायद्याला कशासाठी हवी होती, हे आधी विचारावं.

जमिनीचं वर्णनही नीट वाचण्यासारखं असतं. तिकडची मोजणी चौकटींची आहे. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा आणि त्याचा चतकोर १६० एकरांचा. फ्रीमनची जमीन टाउनशिप ४ उत्तर, रेंज ५ पूर्व (मोजणीच्या आधाररेषांपासून उत्तरेला चौथी आणि पूर्वेला पाचवी चौकट), सेक्शन २६ मध्ये. तिचे चार तुकडे कागदावर मांडले की सरळ चौकोन होत नाही, उलटा टी होतो. तिथून कब क्रीक नावाचा ओढा वाहतो आणि ओढ्याकाठी झाडी आहे. उघड्या माळावर पाणी आणि लाकूड ज्याच्या हद्दीत तो तगला. जमीन निवडणाऱ्याची नजर त्या आकारातून कळते. आपल्या खापरपणजोबांची जमीनही अशी काढून पाहा, आणि शेजारच्या सेक्शनमध्ये कोण होतं तेही लिहून घ्या. साक्षीदार बहुधा तिथलेच असतात. मेहुणे, सासरे, एकाच गावाहून निघालेले भाऊबंद असे हाती लागतात.

पुढच्या काळातल्या फाइली आणखी बोलक्या आहेत, कारण अर्जदाराला छापील प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. जन्म कुठला, घरात माणसं किती, कोणत्या हंगामात किती एकर पेरले, जमीन सोडून किती दिवस बाहेर होता आणि का. परदेशातून आलेल्याच्या फाइलमध्ये नागरिकत्वाच्या कागदाची नक्कल असते, त्यावरून तो आधी कुठल्या राजाची प्रजा होता ते समजतं. या कागदांची किंमत आणखी एका कारणाने वाढली आहे. १८९०ची अमेरिकन शिरगणती वॉशिंग्टनमधल्या १९२१च्या आगीत सापडली आणि पुढे जवळजवळ सगळी नष्ट झाली. १८८० ते १९०० ही वीस वर्षं त्यामुळे आंधळी झाली आहेत. त्याच वर्षांत हजारो कुटुंबं पश्चिमेकडे सरकत होती.

आता फ्रीमनच्या साक्षीत काय नाही ते पाहा. ‘बायको आणि दोन मुलं’ असं आहे, बायकोचं नाव नाही. ती ॲग्नेस सूटर, आयोवातल्या लक्लेअर गावची, १८६५ साली लग्न होऊन आलेली. नवरा १९०८च्या डिसेंबरात गेला, ती १९३१ पर्यंत जगली, आणि दोघांची थडगी त्याच जमिनीवर आहेत. स्त्रीचं नाव कागद गिळतो आणि दगड परत देतो, असं मी अनेक घराण्यांत पाहिलं आहे. अर्थात जमीन पुढे विकली गेली असेल तर काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, खरेदीखतांत बायकोची सही शोधावी. तिचा हक्क सोडून घेतल्याशिवाय घेणाऱ्याला निर्धास्त होता येत नसे.

दफनभूमीत गेलं की सगळे आधी दगडाचा फोटो काढतात. मी म्हणेन, आधी वही मागा. दगड कधीकधी मृत्यूनंतर वीस-तीस वर्षांनी, नातवंडांनी पैसे जमवून बसवलेला असतो आणि त्यावरचं जन्मवर्ष घरात ऐकलेलं असतं. दफनभूमीच्या नोंदवहीत मात्र त्या दिवशीची नोंद असते. कुटुंबाची जागा कुणी विकत घेतली आणि कधी, हेही पाहा. धडधाकट शेतकरी तिशीत स्वतःसाठी थडग्याची जागा घेत नाही. ती तारीख अनेकदा घरातल्या पहिल्या मुलाच्या मृत्यूची असते. माळावर आलेल्या कुटुंबांत मूल दगावणं किती सर्रास होतं, हे अशा वह्या वाचताना अंगावर येतं. या मुलांना दगड नाही, कुलकथेत नाव नाही. वहीत एक ओळ असते. ती वंशावळीत आलीच पाहिजे, याबाबत मी कुणाचं ऐकत नाही.

दगडावर वय वर्षं, महिने, दिवस असं कोरलेलं असेल तर मृत्यूच्या तारखेतून वजा करून जन्मतारीख काढता येते. तीन कड्यांची साखळी म्हणजे ऑड फेलोज या परस्परसाहाय्य मंडळाचा सभासद. अमेरिकन यादवी युद्धातल्या उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या, शिपायाला १८७९च्या कायद्यानंतर खासगी दफनभूमीतही सरकारी दगड मिळू लागला, म्हणून तसा दगड दिसला की लष्करी पेन्शनची फाइल मागवावी. अक्षरं झिजली असतील तर आरशाने बाजूने ऊन पाडा, ती उठून दिसतात. खडू, शेव्हिंग क्रीम असलं काही दगडाला लावू नका. जुना संगमरवर त्याने खराब होतो.

एक गोष्ट राहून चालणार नाही. या माणसांना तिकडे ‘पायोनियर’ म्हणतात, पहिले आलेले. ते पहिले नव्हते. फ्रीमनची जमीन आज ज्या गेज काउंटीत आहे, तो मुलूख ओटो-मिझुरिया या मूळनिवासी लोकांचा होता. १८५४च्या तहात त्यांनी मिसुरी नदीच्या पश्चिमेची जमीन सोडली आणि बिग ब्लू नदीकाठी त्यांना राखीव पट्टा मिळाला. १८८१ मध्ये तोही सोडून त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. होमस्टेडच्या फाइलमध्ये शपथेवर लिहिलेलं असतं की या जमिनीवर हक्क असलेलं दुसरं कुणी राहत नाही. वंशावळ लिहिताना त्या वाक्याशेजारी १८५४चा तहही लिहावा. नातवंडाला पूर्ण गोष्ट कळायला हवी.

शेवटी, सुरुवात कुठून करायची? मृत्यूच्या जागेवरून. ती कळली की दफनभूमी, दफनभूमीवरून काउंटी, काउंटीवरून जमीन. पेटंटचे कागद केंद्र सरकारच्या भूमी विभागाच्या संकेतस्थळावर नावानिशी शोधता येतात, तेही फुकट. मात्र तिथे नाव सापडलं नाही तर थांबू नका. होमस्टेडचे सुमारे ४० लाख अर्ज झाले आणि त्यांतल्या १६ लाखांच्या आसपास लोकांनाच पेटंट मिळालं. उरलेल्यांना दुष्काळाने, टोळधाडीने, कर्जाने किंवा एकटेपणाने उठवलं. त्यांची नावं पेटंटच्या यादीत येत नाहीत, ट्रॅक्ट बुकात येतात. तिथे सेक्शननिहाय प्रत्येक अर्ज नोंदलेला आहे, रद्द झालेलासुद्धा. तिथून राज्य, लँड ऑफिस आणि अर्जाचा क्रमांक टिपून घ्या आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे मूळ फाइलची मागणी करा. रद्द झालेल्या अर्जांच्याही फाइली तिथे आहेत.