पडद्यावरची दाढ

(दृश्य: मेडिकल चौक, सकाळ. ओपीडीकडे जाणारी माणसं, काहींचा गाल सुजलेला, काहींनी रुमाल धरलेला.)

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. गावात लवंगेच्या तेलानं निभेनासं झालं की माणूस नागपूरची एसटी धरतो. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरात १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. हिंगणा रोडवर खासगी महाविद्यालयं आहेत. धंतोली-रामदासपेठेत तर दर चार पाट्यांमागे एक दाताच्या डॉक्टरची.

खुर्ची तीच आहे, आणि तिच्यावर बसताना पोटात येणारा गोळाही तोच. फरक पडलाय तो खुर्चीसमोरच्या पडद्यानं.

(दृश्य: दवाखाना. तोंडात छोटा सेन्सर, पडद्यावर उमटणारी प्रतिमा.)

"काका, इकडे बघा. ही काळी जागा दिसते? कीड इथपर्यंत गेली आहे."

"हे माझंच होय जी?"

फिल्मऐवजी सेन्सरवर घेतलेल्या या एक्स-रेला दवाखान्यात आरव्हीजी म्हणतात. दाताचा पहिला एक्स-रे जानेवारी १८९६ मध्ये जर्मनीत ऑटो वालखोफ यांनी काढला, तोही स्वतःच्याच तोंडाचा. त्यासाठी ते पंचवीस मिनिटं किरणांपुढे राहिले होते. पुढे फिल्म सुधारल्या, वेळ सेकंदांवर आला, पण फिल्म रसायनात बुडवून धुवावीच लागे. ती डॉक्टर उजेडाकडे धरून बघत आणि पेशंट डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघे. सेन्सरला किरणं फिल्मपेक्षा कमी लागतात. एका छोट्या आरव्हीजीत शरीराला मिळणारी मात्रा साधारण तेवढीच, जेवढी निसर्गातून आपल्याला एका दिवसात मिळते. प्रतिमा काही सेकंदांत समोर येते आणि पेशंट डॉक्टरच्या आधी प्रश्न विचारतो. सगळ्या यंत्रांत मला हा बदल मोठा वाटतो.

रूट कॅनाल करताना पडदा डॉक्टरच्याही कामी येतो. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण आतल्या कॅनाल, म्हणजे मुळांमधल्या पोकळ नळ्या, बऱ्याचदा चार. चौथी केसासारखी बारीक, आणि ती राहून गेली तर काही महिन्यांनी तीच दाढ पुन्हा ठणकते. मुळाचं टोक कुठे संपतं हे सांगणारं एक छोटं यंत्रही असतं. सुई टोकाजवळ पोचली की ते बीप-बीप करतं. पेशंटला वाटतं, काहीतरी बिघडलं!

(दृश्य: उभं मशीन, पेशंटच्या डोक्याभोवती फिरणारा हात. पडद्यावर जबड्याची त्रिमितीय प्रतिमा.)

अक्कलदाढेचं प्रकरण वेगळं. खालच्या जबड्यातून एक नस जाते, ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी. आडव्या अक्कलदाढेचं मूळ कधी कधी तिला टेकलेलं असतं. ओपीजीवर, म्हणजे बाहेरून काढलेल्या अख्ख्या जबड्याच्या एक्स-रेवर, सगळा जबडा सपाट दिसतो, त्यामुळे मूळ नसेच्या पुढे आहे की मागे, ते कळत नाही. सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनमध्ये ते सगळ्या बाजूंनी दिसतं. दाढ काढताना नस दुखावली तर ओठ बधिर राहू शकतो, म्हणून इथे स्कॅनचा खर्च सार्थकी लागतो.

पण साध्या किडीसाठी कुणी सीबीसीटी सांगितला, तर 'कशासाठी?' असं विचारावं. त्यातली किरणं आरव्हीजीच्या कितीतरी पट असतात. मशीन महाग असतं, त्याचे हप्तेही चालू असतात, आणि ते शेवटी कुणाच्या तरी बिलात येतात. चांगला डॉक्टर या प्रश्नानं रागावत नाही. स्कॅनची फाईलही मागून घ्यावी. उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर तोच स्कॅन पुन्हा काढावा लागत नाही.

(दृश्य: मे महिना, दुपार. रस्ता ओस. आत कूलरचा आवाज.)

आता माप. कॅप बसवायची तर दातांचं माप हवं. पूर्वी, आणि बऱ्याच ठिकाणी आजही, ट्रेमध्ये गुलाबीसर लगदा भरून तोंडात दाबतात. घशाशी येतं, डोळ्यांतून पाणी. शिवाय तो लगदा वाळला की आकसतो. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत त्यात लगेच प्लास्टर ओतलं नाही तर माप फसतं, आणि गडचिरोलीहून आलेल्या बाईला त्याच कॅपसाठी पुन्हा एसटीचं तिकीट काढावं लागतं. तोंडात फिरवायचा स्कॅनर हे टाळतो. दातांची प्रतिमा थेट लॅबच्या कॉम्प्युटरवर जाते. कुठे काही सुटलं असेल तर पेशंट खुर्चीत असतानाच कळतं. रक्त किंवा लाळ मध्ये आली तर स्कॅनरही चुकतो, तेव्हा हातात कसब लागतंच.

(दृश्य: पानठेला. पन्नीत घोटला जाणारा खर्रा. चेहरे दिसत नाहीत.)

आणि खर्रा. त्याच्याशिवाय नागपूरच्या तोंडाची गोष्ट पुरी होत नाही. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटून. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. खर्रा मात्र समोर बसून घोटून मिळतो.

सुरुवात साधी असते. तर्री पोहे झोंबायला लागतात. मग गालाची आतली त्वचा पांढुरकी, ताठ होते. तोंडात आपलीच तीन बोटं उभी मावायची, ती दोन मावतात, मग एक. अशा तोंडात मापाचा ट्रे जात नाही, स्कॅनरचं टोकही अडतं. बाहेरून काढलेली ओपीजी तेवढी हाती लागते.

इथे सगळ्यात उपयोगी पडतो तो पेनाएवढा कॅमेरा. तरुण मुलगा येतो दात साफ करायला. डॉक्टर गालाच्या आत कॅमेरा नेतात आणि पडद्यावर पांढरा चट्टा येतो, तळहाताएवढा मोठा होऊन.

"रोज किती?"

"दोन-तीन, जी."

फोटो तारखेसह जपला जातो. पुढच्या खेपेला दोन्ही शेजारी ठेवले की चट्टा वाढला की कमी झाला, यावर वाद राहत नाही. पण तो कॅन्सरकडे झुकतोय का, हे कॅमेरा सांगू शकत नाही. त्यासाठी तुकडा काढून तपासायलाच पाठवावा लागतो. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, मुलगा विचारतो, "घरी सांगावं लागन का?" आणि डॉक्टर म्हणतात, "उद्या येताना आईला घेऊन ये."