धोटा

(दृश्य: लोअर परळ, सकाळचे नऊ. पुलावरून उतरणारी गर्दी. मागे काचेचे टॉवर, मध्येच एक जुनी चिमणी.)

निवेदन:
या चिमणीतून आता धूर येत नाही. तिच्या पायाशी पूर्वी कापड विणलं जायचं, आता प्रेझेंटेशन होतात. तरी ऑफिसातल्या माणसांची गोष्ट तिच्यापासूनच सुरू करावी लागते.

(दृश्य: लाकडी धोटा, अगदी जवळून. बाजूचं बारीक भोक.)

हा धोटा, मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा. आतल्या कांडीवरचं सूत संपलं की साच्यावरचा, म्हणजे मागावरचा, कामगार नवी कांडी भरायचा, या भोकाला तोंड लावायचा आणि धागा श्वासाने ओढून घ्यायचा. दिवसातून कितीतरी वेळा. एकाची थुंकी दुसऱ्याला लागणार, म्हणून मुंबईच्या गिरण्यांत दलित कामगारांना विणाई खात्यात शिरकाव नव्हता. आणि चांगला पगार नेमका याच खात्यात! १९२८च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगारांच्याच पुढाऱ्यांपुढे मांडला.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने धोट्याला तोंड लावायला १९११मध्येच बंदी केली होती, रोग पसरतात म्हणून. हाताने धागा ओवता येईल असे धोटे निघाले होते. म्हणजे धोटा बदलता येत होता. इथे माणसं बाहेर ठेवणं सोपं वाटलं.

(दृश्य: ऑफिसची पॅन्ट्री. मायक्रोवेव्हवर चिकटवलेला कागद.)

आजचा धोटा हा. ‘मांसाहारी डबा येथे गरम करू नये.’ खाली कुणाची सही नाही. कागद कुणी लावला, हे एचआरलाही ठाऊक नाही. नालासोपाऱ्याहून येणारी एक मुलगी सहा महिने बोंबलाचं कालवण जिन्यात बसून थंडच खात होती. तक्रार? कसली करणार! आईने पहाटे उठून केलेल्या कालवणाच्या वासाबद्दल अर्ज लिहायचा?

तिच्या विभागाचे साहेब स्वतः शाकाहारी. एकदा जिना उतरताना त्यांना ती दिसली. त्यांनी मेल पाठवला नाही. कागद फाडला, दुसरा मायक्रोवेव्ह आणि एक एक्झॉस्ट फॅन मागवला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा पोळीभाजीचा डबा घेऊन तिच्याच टेबलावर बसले. सर्वसमावेशकतेवर कार्यशाळा घेतली असती तर फोटो जास्त चांगले आले असते.

(दृश्य: मीटिंग रूम. भिंतीवर घड्याळ.)

संध्याकाळी सहाची मीटिंग त्यांनी सकाळी अकरावर आणली. बदलापूरला राहणाऱ्या बाईंचं अर्धं लक्ष दादरच्या कर्जत फास्टकडे असायचं, ते सुटलं.

आणखी एक केलं, ते अवघड गेलं. साहेब आता सगळ्यांच्या शेवटी बोलतात. आधी ते बोलायचे आणि बाकीचे माना डोलवायचे. पहिले दोन आठवडे नुसती शांतता. तिसऱ्या आठवड्यात साताऱ्याहून आलेला एक मुलगा मराठीतच म्हणाला, “सर, एका गिऱ्हाइकाला बिल दोनदा जातंय.” त्याला हे चार महिन्यांपासून माहीत होतं.

(दृश्य: लिफ्टशेजारचा नोटीस बोर्ड.)

कायदा इथेही आहेच. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, कायदा २०१३चा. समितीत निम्म्या तरी बायका, अध्यक्ष बाईच, आणि एक सदस्य बाहेरचा. या ऑफिसात सगळं चोख आहे. यादी बोर्डावर लावलेली आहे.

सफाईचं काम करणाऱ्या मावशी कंत्राटावर आहेत. कायदा त्यांनाही लागू होतो. आम्ही विचारलं, “मावशी, काही झालं तर कुणाकडे जाल?”

त्या बोर्डाकडे बघत राहिल्या. यादी इंग्रजीत होती.

साहेब शेजारीच उभे होते. या कागदावर मात्र सही होती. त्यांचीच.